म्हैस, एक नग

॥ श्री ॥

नांदे, ता. मुळशी
६ जानेवारी २०२५

ती. रत्नाक्कास,
गोजराचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. माझा गुडघा सोडला तर घरात सगळं धडधाकट आहे. आपल्याकडं पत्र आलं की आधी कोण गेलं ते बघायची सवय, म्हणून पहिल्या ओळीतच सांगून टाकलं.

पत्र लिहायचं कारण, माझ्या फोनचं शीर्ष संपलं. पैसा नव्हे, शीर्ष. हे काय ते बैजवार सांगते, म्हणजे कशाला हसायचं ते तुला नीट कळेल. आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं कचेरीत हिशेबनीस म्हणून काढली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी खुर्ची अंगातून निघत नाही. गेल्या एप्रिलात लाल बांधणीची मोठी वही आणली आणि घराचे सतरा भाग पाडले. किराणा, वीज, देवधर्म, आलागेला, फोन, टपाल, माणसांचा दवाखाना, म्हशी, असे. एकेका भागाला शीर्ष म्हणायचं. वर्षाचा पैसा एप्रिलातच ज्याच्या त्याच्या नावानं नेमायचा. ह्या शीर्षातला रुपया त्या शीर्षात जायचा नाही. ३१ मार्चला जे उरेल ते बँकेत परत, आणि पुढच्या साली त्या शीर्षाला यंदाचा खर्च अधिक दहा टक्के, त्याहून छदाम जास्त नाही. सून वैष्णवी हिंजवडीला कंपनीत हिशेबाचंच काम करते, तर तिला घरची लेखापरीक्षक नेमलंय. ती बिचारी दिवसभर कंपनीचे कोटी मोजून येते आणि माझी कोथिंबीर तपासते.

फोनचं शीर्ष तू आणि मी मिळून मे महिन्यापर्यंत निम्मं खाल्लं, दिवाळीला उरलंसुरलं आटलं. टपालाच्या शीर्षात मात्र पाचशे रुपये जसेच्या तसे. परवा हेच म्हणाले की टपालाचं खर्चून टाक, न्हाई तर फुडल्या साली शून्य येतंय. म्हणून पाच-पाच रुपयांची शंभर पाकिटं आणलीत. तुझी आता खैर नाही.

तू म्हणशील, ह्या माणसाला कुणी आवरत का नाही. अक्का, त्यांच्या भिण्याचं कारण मला ठाऊक आहे. शेजारचे आमचे चुलतदीर आहेत ना, जमिनीचा पैसा आला तेव्हा घराला म्हणून ठेवलेला गाडीत गेला, गाडीचा शर्यतीच्या बैलांत गेला, बैलांचा कुठं गेला ते बैलांनाही माहीत नाही. आज ते ज्या सोसायटीच्या फाटकावर शिट्टी घेऊन बसतात ती त्यांच्याच भातखाचरावर उभी आहे. ह्यांनी आपले दहा गुंठे विकले त्या दिवशी खंडोबापुढं बेलभंडारा उचलला, की जो पैसा ज्या कामाला नेमला त्याच कामाला लावीन, दुसरीकडं वळवनार न्हाई. बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ. ती मोडायला सांगायची माझीही छाती होत नाही.

आता गुडघ्याचं. डॉक्टर म्हणाले वाटी पार झिजलीय, सांधा बदलावा लागेल, आणि मार्चच्या आत करा. पाय आत्ताच वाकायला लागलाय, तसाच आखडला तर पुढं बदलूनही सरळ व्हायचा नाही. ह्यांनी वही उघडली. माणसांचा दवाखाना, सहा हजार. त्यातले साडेचार आपल्या लेकाच्या, ओमच्या दाढेला गेलेले. राहिले दीड, आणि गुडघा दोन लाखांचा. वैष्णवीनं दहा टक्क्यांच्या वाढीनं हिशेब मांडला, तर त्या शीर्षात दोन लाख यायला सदतीस वर्षं लागतात. तेव्हा मी नव्याण्णव वर्षांची असेन. हे चष्मा पुसत म्हणाले, म्हंजी व्हतंय, पर उशीर व्हतोय.

पैसा नाही असं नाही. बँकेत आहे, वरच्या चार खोल्यांत हिंजवडीची पोरं राहतात त्यांचं भाडं येतं. पैसा आहे, त्याला वाट नाही. दोन वर्षं झाली मी एसटीची पायरी चढले नाही. तुझं धरणाकाठचं घर आता आठवूनच बघायचं. फार वाईट वाटतं गं कधी कधी.

लोभ आहेच. तो चालू सालातच खर्चावा, पुढं ओढता येत नाही.

तुझी
गोजरा

---

मुळशी
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

चि. सौ. गोजरास,
अक्काचे अ. उ. आ.

तिळगूळ पाकिटात घातलाय. टपालवाल्यानं शिक्का नेमका त्याच्यावर हाणला असेल तर चुरा गोड मानून घे. आज गोड बोलायचा सण, म्हणून कोंडाजीरावांबद्दल जे लिहायचं होतं ते उद्यावर टाकणार होते. पण उद्या शाई असेल-नसेल. तेव्हा आजच लिहिते, की तुझा नवरा सज्जन आहे, निर्व्यसनी आहे आणि पक्का खुळा आहे.

माझं बघ. शनिवार-रविवार पुण्याची माणसं धरण बघायला येतात, माझ्या ओट्यावर बसून चुलीवरची भाकरी आणि मासे खातात. पैसा येतो तो मी चार डब्यांत घालते. डाळीच्या डब्यातला गॅसला जातो, गॅसचा नातीच्या फीला, फीचा परत डाळीला. डब्यांनी आजवर कधी एकमेकांवर आळ घेतला नाही. तुमच्या वहीत सतरा खोल्या आहेत आणि एकीलाही दार नाही.

माझ्याकडं चाळीस हजार पडून आहेत, ते तुझेच समज. कोंडाजीरावांना विचार कुठल्या शीर्षात घालायचे. नाहीच म्हणाले तर मी स्वतः येते आणि ती लाल वही बंबात घालते.

आणि एक विचारायचं राहिलं. तू जी शीर्षं लिहिलीस त्यांत म्हशी असं वाचलं. तुमच्या दारातली शेवटची म्हैस तुझ्या सासूबाईंच्या मागोमाग गेली, ते मला पक्कं आठवतं. मग त्या शीर्षात आहे काय?

लहानपणी खाचरांच्या बांधावरून पळायला लागलीस की मला कधी सापडली नाहीस. तू बसून राहिलीस हे मला सोसत नाही, गोजरा. हे एवढं खरं, बाकी सगळी थट्टा.

आशीर्वादाला शीर्ष लागत नाही, तेव्हा हवे तेवढे घे.

तुझी
अक्का

---

नांदे
३ फेब्रुवारी २०२५

ती. रत्नाक्कास,
गोजराचा शि. सा. न. वि. वि.

तिळगुळाचा चुराच आला, पण सगळ्यांनी चमच्यानं खाल्ला. तुझ्या चाळीस हजारांचं ह्यांना सांगितलं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले की मेव्हणीकडून जमा असं शीर्षच न्हाई, आन सालाच्या मधी नवं शीर्ष काढता येत न्हाई. तेव्हा ते डाळीच्याच डब्यात राहू देत.

म्हशींचं विचारलंस ते बरं केलंस, कारण खरी गंमत तिथंच आहे. आजूबाजूच्या टॉवरमधल्या लोकांना म्हशीचं ताजं दूध हवं असतं, म्हणून तीन म्हशी घ्यायच्या असं ह्यांनी एप्रिलात ठरवलं. म्हशी खरेदी व देखभाल, तीन लाख. बांधकामाच्या शीर्षातून गोठाही बांधून झाला. वर पत्रा, खाली फरशी, नळ, पंखा. आमच्या वरच्या खोल्यांतल्या पोरांना पंखा दोन वर्षांनी मिळाला, म्हशींना त्या यायच्या आधी. पण म्हशी काही आल्या नाहीत. ह्यांच्या नियमात पन्नास हजारांवरच्या खरेदीला बंद पाकिटातून तीन दर लागतात ना! बाजारातल्या व्यापाऱ्यानं ह्यांना विचारलं की पावनं, म्हस बगाया आलाय का पाकीट बगाया. दहा महिने होत आले, गोठा रिकामा आहे आणि तीन लाख तसेच आहेत. ३१ मार्चला बुडणार. मी चिडून म्हटलं, मग मलाच बांधा की गोठ्यात, माझ्यावर खर्च तरी होईल. सगळे हसले. हे हसले नाहीत, वहीकडं बघत राहिले.

आता माझ्या गुडघ्याची पाकिटं. शीर्ष नसलं तरी दर मागवून ठेवायला हरकत न्हाई, असं म्हणून ह्यांनी तीन ठिकाणी पत्रं धाडली. पाकिटं घरच्या सगळ्यांसमोर फोडली, वैष्णवी साक्षीला. एका इस्पितळाचे दोन लाख पस्तीस हजार. दुसऱ्याचे एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. तिसऱ्याचं उत्तरच आलं नाही, तेव्हा तीन दर भरावेत म्हणून ह्यांनी पौडकडच्या एका हाडं बसवणाऱ्याला विचारलं होतं. त्याचा दर अकराशे रुपये आणि एक नारळ.

अक्का, नियमानं सगळ्यात कमी दराला काम द्यावं लागतं. आणि अकराशे त्या उरलेल्या दीड हजारात बसतात. वर चारशे वाचतात. त्यानं पाकिटात कामाची रीतही लिहिली होती, की दोघांनी बाईला धरायचं आणि तो गुडघ्यावर बसणार. मी ते ऐकलं आणि गुडघा पदराखाली झाकून घेतला. सगळं नियमात इतकं चपखल बसलं होतं की कुठं बोट घालायला जागाच नव्हती.

हे तो कागद घेऊन अर्धा तास ओसरीत फिरले. मग आत येऊन म्हणाले की प्रत्येक पानावर सही पायजे, ह्यानं फुडच्या बाजूला केलीय, मागची बाजू कोरी हाय, सबब तांत्रिक छाननीत बाद. बोलताना त्यांच्या कपाळावर घाम होता. बाहेर तर थंडी पडलीय. तेव्हा मला कळलं की माझ्याइतकेच तेही भ्यालेत. पण बाद केल्यानं गुडघा बरा होत नाही. महिना गेला. आता मला पलंगावरून उठताना वैष्णवीचा हात लागतो.

पत्र पाठव. इथं माझ्याशी वहीखेरीज कुणी बोलत नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
गोजरा

---

जा. क्र. गृह/म्हशी/१
नांदे, दि. १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
ती. रत्नाबाई, मु. पो. मुळशी

विषय : एक म्हैस विकल्याची पावती मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या भगिनीचा उजवा गुडघा.

कोंडाजीचा कृ. सा. न. वि. वि.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, चालू वर्षी म्हशी खरेदी या शीर्षाखाली रु. ३,००,००० अखर्चित आहेत. माणसांचा दवाखाना या शीर्षाखाली रु. १,५०० आहेत. एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात रक्कम वळविणार नाही, अशी शपथ निम्नस्वाक्षरीकर्त्याने खंडोबासमोर घेतलेली असल्याने सदर मार्ग बंद आहे.

तथापि आपल्याकडून एक म्हैस रु. १,९८,००० ला घेतल्याची पावती मिळाल्यास ती रक्कम नियमाने बाहेर काढता येईल व ती परस्पर इस्पितळात भरता येईल. नातलगाकडून जनावर घेतल्यास तीन दरांची अट नाही, असा नियम काल करण्यात आला आहे. म्हैस प्रत्यक्ष पाठविण्याची आवश्यकता नाही.

अक्का, कचेरीची भाषा इथं सोडतो. चौतीस वर्षांत मी खोटी ओळ लिहिलेली नाही. वरच्यांनी सांगितलं तेव्हा लिहिली नाही, बदली झाली तेव्हा लिहिली नाही. आता लिहिणार आहे. शपथ मोडवत नाही आणि तिचा पाय मोडलेला बघवत नाही. काल ती न्हाणीतून भिंतीला धरून आली. मी वहीत बघत असल्याचं दाखवलं, पण अक्षर दिसत नव्हतं.

हिला यातलं कळू देऊ नये. आपल्याला म्हशीच्या जागी लिहिलं हे बाईमाणसाला लागेल.

उत्तर परत टपाली यावे. कृपादृष्टी कायम ठेवावी ही विनंती.

आपला
कोंडाजी

---

मुळशी
१४ फेब्रुवारी २०२५

रा. रा. कोंडाजीराव यांस,
रत्नाबाईचा नमस्कार.

पाव्हणं, तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं डोकं फिरलं, दुसऱ्यांदा वाटलं माझंच फिरलं, तिसऱ्यांदा ती न्हाणीची ओळ वाचली आणि पावतीला कागद शोधायला उठले. मुळशीत एक लाख अठ्ठ्याण्णव हजारांत दोन म्हशी, त्यांची रेडकं आणि वर एक कोंबडा येतो, हे तुम्हाला माहीत असावं. पण मी भाव पाडत नाही.

तुम्ही खोटं लिहायला निघालात, मी मात्र खरंच लिहिणार. पावती सोबत जोडलीय. तीतला एकही शब्द खोटा नाही, देवापुढंसुद्धा वाचून दाखवा.

पावती. लिहून देते मी रत्नाबाई, राहणार मुळशी, की आमच्या वडिलांच्या घरची एक, सन १९८३ साली कोंडाजीराव, राहणार नांदे, यांच्या दारात दिलेली आहे. तेव्हा तिचं मोल कुणी विचारलं नाही. आज ते रुपये एक लाख अठ्ठ्याण्णव हजार ठरलं, ते कमीच आहे. स्वभाव गरीब. कामाला वाघ. लाथ मारत नाही, मारायला हवी होती. नीट ठेवली नाही तर आम्ही कधीही परत नेऊ.

बाईमाणसाला लागेल म्हणता. लागेल तर खरंच. पण पाव्हणं, ते कळलं म्हणून नव्हे, तिच्यासाठी वहीत दुसरी जागाच नव्हती म्हणून लागेल. गोजराला मी सांगणार नाही. पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर मला दोष देऊ नका.

ऑपरेशनचा दिवस ठरला की कळवा, मी देवात दिवा लावीन. घरोबा आहे तो असाच राहावा.

तुमची
रत्नाबाई

---

नांदे
१५ मार्च २०२५

ती. रत्नाक्कास,
गोजराचा शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन २४ फेब्रुवारीला झालं, ते तुला ह्यांनी कळवलंच. आता वॉकर धरून ओसरीपर्यंत जाते. व्यायामाला एक मुलगी येते, ती बोलते साखरेसारखं आणि पाय पिळते उसासारखा. पण पाय सरळ होतोय. पहिल्या दिवशी टाच जमिनीला टेकली तेव्हा मी आणि ती दोघी रडलो.

पैसा कुठून आला ते मात्र हे सांगत नाहीत. विचारलं की फक्त म्हणतात, तरतूद झाली. वैष्णवीला विचारलं तर ती पदर नसताना पदर सावरल्यासारखं करून उठून जाते.

आणि आता खरी काळजी लिहिते. अक्का, मला ह्यांच्या डोक्याची भीती वाटायला लागलीय. रोज पहाट झाली की गाडी काढून शेजारच्या चांदे गावच्या डेअरीतून सहा लिटर दूध आणतात. एवढ्या दुधाला घरात माणसं किती, पाच! बरं, आणतात ते सरळ घरात नाही. किटली घेऊन रिकाम्या गोठ्यात जातात, तिथं दहा मिनिटं बसतात, मग बाहेर येतात आणि वहीत लिहितात. खीर झाली, दही झालं, ताक झालं, बासुंदी दोनदा झाली. वरच्या खोल्यांतली पोरं आता दुधाचं नाव काढलं की दार लावून घेतात. डेअरीत सत्तरनं घेतात आणि त्याच पोरांना साठनं देतात. मी म्हटलं, हा कुठला व्यवहार? तर म्हणाले की उत्पन्न दाखवाय पायजे, न्हाई तर वही बोलती.

परवा त्या व्यायामाच्या मुलीला पैसे दिल्याची चिठ्ठी सापडली. तीवर लिहिलं होतं, फिरवणे, तीनशे रुपये. मला काही उमगेना. माणूस इतका वहीत गेला की त्यातून परत येत नाही असं काही असतं का? तुझ्याकडं पुण्याचे डॉक्टर जेवायला येतात, एखाद्याला सहज विचार.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी
गोजरा

---

मुळशी
२१ मार्च २०२५

चि. सौ. गोजरास,
अक्काचे अ. उ. आ.

टाच टेकली हे वाचून मी ओट्यावर बसलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फुकट सोलकढी पाजली. कुठल्या डब्यातून ते विचारू नकोस.

कोंडाजीरावांच्या डोक्याचं कुणा डॉक्टरला विचारलं नाही. रिकाम्या गोठ्यात बसतो म्हणून कुणी वेडा होत नाही. मला काही माहीत नाही असं मी म्हणत नाही, पण मी शब्द दिलाय, तेव्हा खोदू नकोस. दूध पीत जा, हाड भरतं. आणि जे काय कळायचं ते कळलं की एकदम भडकू नकोस, आधी चार दिवस भडक, मग विचार कर.

लोभ जुनाच, व्याज तेवढं नवं.

तुझी
अक्का

---

नांदे
१ एप्रिल २०२५

ती. रत्नाक्कास,
गोजराचा शि. सा. न. वि. वि.

आधी चांगलं लिहिते. डॉक्टर म्हणाले पाय सरळ झाला, मे महिन्यात एसटीनं बहिणीकडं गेलात तरी चालेल. आता दुसरं लिहिते. तू मला विकलंस, आणि तेही पावती देऊन.

२६ तारखेला सकाळी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस दारात आला, हातात कानाला बिल्ला मारायचा चिमटा. म्हणाला की म्हस कुटं हाय. मी ओसरीत पलंगावर होते. मी म्हटलं, आमच्याकडं म्हैस नाही. त्यानं कागद दाखवला. गावात जनावरांची मोजणी झाली तेव्हा ह्यांनी एक म्हैस सांगितली होती. वहीत एक आणि तोंडात शून्य, असं त्यांच्यानं बोलवेना! हे आतून धावत आले, चेहरा चुन्यासारखा. म्हणाले म्हस हाय, पर दावता यायची न्हाई, पायाचं आपरेशन झालंय, इश्रांती चालू हाय. त्या माणसानं आजवर म्हशीच्या पायाचं ऑपरेशन ऐकलं नव्हतं, पण नांद्यात पैसा आलाय हे त्याला माहीत होतं. त्यानं कागद पुढं केला. रंग विचारला, हे म्हणाले गव्हाळ. वेतं विचारली, तर दोन. वय विचारलं, तर तोंडातून निघून गेलं, बासष्ट. तो हसला आणि त्यानं सहा लिहिलं. मग त्यानं विचारलं, लाथ मारती का? ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, आजून तरी न्हाई.

वेतं दोन म्हणजे माझी दोन बाळंतपणं, ओम आणि आपली जुईली. तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी वही मागितली. त्यांनी मुकाट्यानं आणून दिली. म्हैस, एक नग, एक लाख अठ्ठ्याण्णव हजार, खाली तुझी पावती डकवलेली. पुढं रोजचं दूध सहा लिटर, आणि व्यायामाचे पैसे म्हैस फिरवण्याच्या नावावर. अक्का, मी ओरडले नाही. एवढंच म्हटलं, की बेचाळीस वर्षं झाली, तुमच्या वहीत मी माणूस म्हणून सहा हजारांची, तीही पाच जणांत वाटून, आणि म्हैस म्हणून दोन लाखांची. त्यानंतर बोलले नाही. तू चार दिवस भडक म्हणाली होतीस, मी पाच घेतले. मधे पाडवा आला. पुरणपोळ्या वैष्णवीनं केल्या, त्यांचं ताट तिनंच वाढलं. ते खाली मान घालून जेवले.

काल ३१ मार्च. दुपारी वर्ष बंद करायला वही मेजावर उघडली. वैष्णवीनं लेखापरीक्षणाचा आक्षेप काढला, की गोठ्यात म्हैस नाही, तेव्हा ही नोंद पुढच्या वर्षात ओढता येत नाही. एक ओळ लिहावी, म्हैस मेली, म्हणजे दुधाचाही खर्च थांबेल आणि सगळं मिटेल. बोलली ते बरोबर होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. तारीख लिहिली. म्हैस, एक नग, इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला.

वैष्णवी म्हणाली की बाबा, एकच शब्द राहिलाय. ते पेन धरून बसले. घड्याळात तीनाचे साडेतीन झाले. मी पलंगावरून बघत होते. मलाच कंटाळा आला, म्हटलं लिहा की, म्हशीला काय कळतंय. तर ते वर न बघता म्हणाले, न्हाई लिवत. त्या वळीत तू हायेस. आणि ह्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं गं. सासूबाई गेल्या तेव्हाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं. खोटी म्हैस त्यांनी लिहिली, खोटं दूध लिहिलं, पण ते एक खोटं त्यांच्यानं लिहवलं नाही. पाच दिवस जपून ठेवलेला राग मला शोधूनही सापडेना.

मी उठले. वॉकर पलंगाला टेकून ठेवला होता, तो घ्यायचं ध्यानातच राहिलं नाही. मेजापर्यंत नऊ पावलं आहेत, ती चालून गेले. वैष्णवी ओरडली तेव्हा मला कळलं की हातात काही नाही. त्यांच्या हातातून पेन घेतलं. त्यांच्या वहीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर एक सरळ रेघ मारायची, वर खरं लिहायचं आणि शेजारी सही करायची. तारखेपुढचं सगळं मी रेघ मारून काढलं. मग पानं उलटली, फेब्रुवारीतल्या खरेदीच्या ओळीवर आले, म्हैस ह्या शब्दावर एक रेघ मारली आणि वर लिहिलं, गोजराबाई.

म्हणजे काय झालं ते बघ. म्हशींचा पैसा माणसाला लावला, असं आता वहीतच आलं. खंडोबाची शपथ मोडल्याची कबुलीच ती. हे माझ्या नावाकडं बघत बसले. मला वाटलं आता पान फाडतात. पण त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि शेजारी सही केली. रोजची छोटी नव्हे, पूर्ण नावाची, तारखेसह.

आज सकाळी डेअरीकडं गेले नाहीत. आंघोळ करून, टोपी घालून, ती वही काखेत मारून खंडोबाला गेले. मी दारात उभी होते. दीड तासानं परत आले, कपाळाला भंडारा होता. मी विचारलं, शपथेचं देवाला काय सांगितलंत? तर म्हणाले, सांगायचं काय, वही दावली.

सगळ्यांना नमस्कार. माया आहे तशी असू दे, मला आता दुसरं काही नको.

तुझी
गोजरा